समोरून बरोबर

नोएडाच्या एका मार्केटमध्ये, मोबाइलच्या दुकानाच्या वर, आमचा कॅडचा, म्हणजे कंप्यूटरवर ड्रॉइंग काढायचा, क्लास होता. साहिबाबादच्या आमच्या पंपांच्या कारखान्यातून मला आणि एका ज्युनियरला तिथे धाडलं होतं. ड्रॉइंग बोर्ड भंगारात निघाले होते आणि साहेबांनी स्पष्ट सांगितलं होतं: ज्याला जमेल तो ड्रॉइंग ऑफिसात बसेल, ज्याला नाही तो स्टोअरमध्ये. मी कारखान्यातला हेड ड्राफ्ट्समन, मला कसली भीती? बायकोने तर महाराष्ट्र मंडळाच्या हळदीकुंकवात सांगूनही टाकलं होतं की हे आता कंप्यूटरवर डिझाइन करतात.

शिकवणाऱ्या मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी पंपाचे सुटे भाग पडद्यावर आणले आणि सांगितलं, की ते जोडायचे म्हणजे एकेकाचं नातं सांगायचं. या शाफ्टचा अक्ष त्या भोकाच्या अक्षावर, हे झाकण त्या कडेला टेकलेलं. याला म्हणे कन्स्ट्रेंट. मला ते पोरकट वाटलं. भाग जागेवर नेऊन ठेवला की झालं, त्याला आणखी बजावायचं कशाला? माझी नजर केसभर फरक पकडायची, आणि हे मी चारचौघांत ऐकवतही असे.

साहेब पाहायला आले त्या दिवशी मी फ्रंट व्ह्यू लावला, माउसने सगळे भाग सरकवत जागच्या जागी नेले आणि सर्वांच्या आधी हात वर केला. वर ज्युनियरला म्हणालो, "इतका वेळ लावतोस होय रे?" बोर्डावर साइड व्ह्यू वेगळा काढावा लागतो. इथे तो आपोआप निघतो, म्हणून मी तो बघायच्या भानगडीत पडलोच नव्हतो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मॅडमनी पंप बाजूने वळवला. शाफ्ट हातभर पुढे, हवेत. झाकण पार मागे. पंखा मधेच कुठेतरी. कुणाचा कुणाला स्पर्श नव्हता. मागे कुणीतरी फिस्सकन हसलं, मग सगळा क्लास हसला. "कोई बात नहीं अंकल, फिर से करते हैं," मॅडम म्हणाल्या. कारखान्यात मला सगळे सर म्हणत. त्या 'अंकल'ने मेल्याहून मेल्यासारखं झालं. साहेब हसले नाहीत. जिन्यात मी काही बोलायच्या आत तेच म्हणाले, "आप टेंशन मत लीजिए. स्टोर में भी तो अपना आदमी चाहिए."

घरी मुलीने विचारलं, "बाबा, कसं झालं? बिल्कुल मस्त ना?" मला इतकी लाज वाटत होती की मान वर करून तिच्याकडे बघवेना. मी बुटांच्या नाड्या सोडत बसलो.

तरी क्लास सोडला नाही. पहिल्यापासून सुरुवात केली. पंपाचं बाहेरचं कवच आधी पक्कं करायचं, मग शाफ्ट, मग पंखा, मग झाकण, प्रत्येकाचं नातं सांगत. एका दुपारी माउसने शाफ्ट फिरवला आणि त्याच्याबरोबर पंखा फिरला, झाकण जागचं हललं नाही. मी बाजूने पाहिलं, मागून पाहिलं, खालूनही पाहिलं. "परफेक्ट, अंकल," मॅडम म्हणाल्या. या वेळचं अंकल चक्क गोड वाटलं.

आनंदाच्या भरात प्रिंट काढली आणि तडक साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. पन्नाशीला टेकलेला माणूस, पण गुरुजींना पाटी दाखवायला आल्यासारखा उभा होतो. "सर, हो गया," म्हटलं. "एक बार देख लीजिए. मुझे ड्रॉइंग ऑफिस में ही रहने दीजिए."

साहेबांनी कागद हातात घेऊन नीट पाहिला. माणूस सभ्य होता. "बढ़िया है," म्हणाले आणि कागद माझ्याकडे परत सरकवला. "लेकिन सामने से तो उस दिन भी ठीक ही दिख रहा था."

इतक्या वर्षांच्या सवयीने मी फ्रंट व्ह्यूच छापून आणला होता.