शिवलिंगअप्पांची खोडाखोड

अर्ज हातात आला की शिवलिंगअप्पा आधी चष्मा कपाळावर ढकलायचे, कागद पार नाकापाशी न्यायचे आणि वाचता वाचता जिथे पहिल्यांदा कंटाळा येईल तिथेच घडी घालून परत द्यायचे. "हे तुझं न्हाई. हे समद्या तालुक्याचं हाय. तुझं असंल ते लिहून आन." समोरचा पदवीधर असो की पदव्युत्तर, निकाल हाच. चहा सांगितलेला असेल तर तेवढा पिऊन जाऊ द्यायचे.

पाथरीत त्यांच्या पुतण्याचं भुसार दुकान होतं. अप्पांचा सगळा जन्म कापसाच्या एका जिनिंग कारखान्याचं ऑफिस सांभाळण्यात गेलेला. नोकरीसाठी आलेले अर्ज तेच वाचायचे आणि कुणाला बोलवायचं तेही तेच ठरवायचे. निवृत्त झाल्यावर दुकानात तुरीच्या पोत्याला टेकून बसायला लागले. कपाळाला विभूतीचे पट्टे, अंगात धुवट बंडी, तोंडावर कायमचा वैताग. तरी आसपासची पोरं अर्ज घेऊन त्यांच्याकडेच यायची. "जिंदगीभर दरखास्ती वाचल्या, बेजार झालो बाबा. आता तर मरू द्या सुखानं," असं म्हणायचे आणि पुढच्या कागदासाठी हात पुढे करायचे.

त्यांचा हा वैताग मला तेव्हा सोंग वाटायचा. आता तसं वाटत नाही. मी परभणीत एका बियाणे कंपनीच्या गोदामावर कामाला आहे आणि भरती निघाली की अर्जांचा गठ्ठा पहिल्यांदा माझ्या टेबलावर येतो. 'माझ्या घरची परिस्थिती अत्यंत हलाखीची असून माझा सहानुभूतिपूर्वक विचार व्हावा.' एकाच्या खाली दुसरा, दुसऱ्याच्या खाली तिसरा, सगळे हलाखीचे. दुपार झाली की डोळ्यांपुढची अक्षरं हलायला लागतात. खोटं कशाला बोलू, दया येत नाही, थकवा येतो. सगळेच हलाखीत असले तर त्यातला एक निवडायचा कसा? अप्पा मागच्या उन्हाळ्यात गेले, नाहीतर फोन करून त्यांनाच विचारलं असतं.

ह्याच कंपनीच्या नोकरीचा अर्ज घेऊन मी त्यांच्याकडे गेले होते. तेव्हा मी बोरीच्या सासरहून माहेरी, पाथरीला, परत आलेली होते. सासरचं फार सांगत नाही; नवऱ्याचा हात चालायचा, एवढं पुरे. घरात रोज तीच चर्चा. सासरच्यांनी निरोप धाडला होता की दसरा झाला की न्यायला येतो, आणि माझ्या मोठ्या भावाने, संतोषदादाने, मला न विचारता 'या' म्हणून सांगितलंही होतं. आई रडायची. बाबा एसटीच्या डेपोतून मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेले, मुळात अबोल. ते अंगणात बसून राहायचे. दसऱ्याच्या आत हाताला नोकरी लागली तरच मला 'नाही' म्हणता येणार होतं. पेपरात जाहिरात आली होती, स्वहस्ताक्षरात अर्ज मागवला होता. मी चांगल्या अक्षरात लिहिला आणि नावाआधी 'कु.' लावलं. लग्नाचं सांगितलं तर मधली वर्षं सांगावी लागतील, आणि ती सांगितली की पुढचे प्रश्न येतील, म्हणून मी लग्नच गायब करून टाकलं!

अप्पांनी कागद नाकापाशी नेला. मग कागदाच्या कडेवरून खाली, माझ्या पायांकडे पाहिलं.

"पायात जोडवी अन् कागदावर कुमारी?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुतण्या तराजूपाशी उभा होता, त्याने बिचाऱ्याने तोंड फिरवलं. मी कागद ओढून घ्यायला लागले तर अप्पांनी सोडला नाही.

"बी.कॉम. झालीस, त्याच्यानंतर कोरं रान हाय. येवढी वर्षं काय करायलीस?"

"काही नाही. घरीच होते."

"सासरी काय काम हाय त्यांचं?"

"खताबियाण्याचं दुकान आहे."

"अन् तू दिवसभर चुलीपुढं?"

तेव्हा मला सांगावं लागलं. दुकानावर नवरा नावाला बसायचा. गाडी आली की पोती मोजून घेणं, कुठला लॉट कधी आला ते बघणं, जुना आधी काढणं, उगवण झाली नाही म्हणून तावातावाने आलेल्या शेतकऱ्याला शांत करून कंपनीकडे तक्रार लावणं, हे सगळं मी करत होते. मी सांगत गेले आणि अप्पांचा चष्मा हळूहळू कपाळावरून डोळ्यांवर आला.

"आगं मग त्या कंपनीला दुसरं काय पायजे? जे इकायचं तेच बुडवून आलीस की तू!" ते खरोखर चिडले होते. "लग्न लपवायच्या नादात काम बी लपवलंस. धन्य हाय बाई तुझी."

त्यांनी पेन घेतला आणि माझ्या सुंदर अक्षरावर आडव्या रेघा मारायला सुरुवात केली. 'कु.' गेलं. हलाखी गेली. 'वडील वृद्ध असून' गेलं. 'मी कष्टाळू, प्रामाणिक व होतकरू' ह्यावर तर दोनदा रेघ. "आजवर कुणी लिहिलंय का, मी आळशी अन् चोरटा हाय म्हणून?" शेवटी कागदावर माझं नाव, पत्ता आणि शिक्षण उरलं. मग म्हणाले, आता दुकानातलं काम लिही, जसं मला सांगितलंस तसं. मी लिहिलं. ते मात्र त्यांनी घडी न घालता शेवटपर्यंत वाचलं.

"साहेबाला एक भ्या असतंय बघ. पोरगी घ्यायची, शिकवायची, अन् उद्या सासरचे येऊन घेऊन जायचे. त्याचा खुलासा कर." मग आवाज खाली आणून विचारलं, "तुला जायाचंय का माघारी?"

हे मला तोपर्यंत कुणीच विचारलं नव्हतं. आईनेही नाही. 'कधी जाणार' एवढंच सगळे विचारायचे.

"नाही," मी म्हणाले.

"मग मला कशाला सांगायलीस? तिथं लिही."

मी लिहिलं: 'सासर मी सोडले आहे. परत जाणार नाही. ही नोकरी मला टिकवायची आहे.' अप्पा म्हणाले, घरी जाऊन नीट उतरवून काढ, सही मात्र इथं येऊन कर, एकदा नजर टाकतो.

उतरवून काढला आणि टीव्हीवर ठेवला, तिथेच चुकलं. दादाने वाचला. एकदा मनात वाचला, मग सगळ्यांना ऐकू जाईल असा मोठ्याने वाचला. 'परत जाणार नाही' ह्यापाशी आईने तोंडाला पदर लावला. दादाचा संताप वेगळाच होता: ही कंपनी बोरीच्या दुकानाला माल देते, उद्या हा कागद सासरच्यांच्या कानावर जाईल, आणि त्याने दिलेला शब्द राहील कुठे! एका हातात अर्ज आणि दुसऱ्या हाताने माझा दंड धरून तो मला थेट भुसार दुकानावर घेऊन गेला.

"अप्पा, तुमी आमच्या घरात काडी लावायलात! असं लिहितेत का कुटं?"

अप्पा उठले नाहीत. पोत्याला टेकूनच, फार थकलेल्या आवाजात म्हणाले, "म्या कायच लिहिलं न्हाई बाबा. म्या निस्तं फिजूल होतं ते खोडलं. ऱ्हायलं ते तिचं हाय."

"मग ही ओळ बी खोडा."

"माझा काय संबंध? तिला म्हण."

दादा माझ्याकडे वळला. लहानपणापासून ह्या माणसापुढे मी कधी तोंड वर केलं नव्हतं. "नाही खोडणार," मी म्हणाले, आणि मला रडूच आलं. तो काही बोलणार तेवढ्यात पायरीवर चपला काढल्याचा आवाज आला. बाबा आमच्या मागोमाग चालत आले होते. दम लागला होता त्यांना. दादाकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

"अप्पा," ते म्हणाले, "त्या कागदाला बापाची सही लागती का?"

"न्हाई. तिची एकटीची लागती."

बाबांनी सदऱ्याच्या खिशातला पेन काढला, टोपण उघडलं आणि माझ्यापुढे धरला.