पट्टीआडून दिसलेलं गाव

असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. इथे लोकांचे अनुभव वाचून कॉमेंट्समध्ये खिल्ली उडवणाऱ्यांत मीही होतो... त्यामुळे हे लिहिताना दुप्पट लाज वाटतेय.

मी दोह्यात, अल मुंतझाला राहतो. आयटीत आहे. गेल्या ईदच्या सुट्टीत नाशिकला आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. "रजाच मंजूर होत नाहीये गं," असं मी तिला सांगितलं. साफ थाप! गल्फमधल्या माणसाची ही थाप घरचे कधी तपासत नाहीत. मी आणि माझी बायको ऋचा तेव्हा रोमानियात सिबियूला होतो.

छोटंसं शहर, जुना मध्ययुगीन भाग जसाच्या तसा राखलेला. तिथल्या उतरत्या छपरांत अर्धवट मिटलेल्या डोळ्यांसारख्या खिडक्या आहेत — अगदी पापण्यांसकट. त्यांच्याखाली उभा राहून मी तिथला गोल, खुसखुशीत पाव खात होतो. अंगात ऑफिसातल्या मित्राचं पिवळट, मस्टर्ड रंगाचं जॅकेट, कारण दोह्यात थंडीचे कपडे घेतो कोण? पकडले जाऊ म्हणून एकही फोटो कुठे टाकला नाही. जॅकेट दोह्यात परतल्या परतल्या देऊन टाकलं.

त्याच आठवड्यात, शुक्रवारी दुपारी आईचा व्हिडिओ कॉल आला.

"काय रे, घरांना पापण्या असतात का?"

"म्हणजे?"

"ऑपरेशननंतर पट्टी बांधून पडले होते ना, तेव्हा दिसलं. छपरं टकामका बघत होती. खाली तू होतास. पिवळट कोट घातलेला, कडकणीसारखं गोल काहीतरी खात होतास." मग आवाज खाली आणून म्हणाली, "तुझ्या ताईला बोलले नाही मी. माझं डोकं तर फिरायला लागलं नाही ना रे?"

शेजारी बसलेल्या ऋचानं माझा हात घट्ट धरला. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं, की आई, तुला बरोबर दिसलं.

"औषधांनी होतं तसं," मी म्हणालो.

"तू म्हणतोस तर तसंच असेल."

आता दुसऱ्या डोळ्याच्या ऑपरेशनला ती तयार नाही. पुन्हा भलतंसलतं दिसेल म्हणून घाबरते. ताई चिडते, मला म्हणते, तू तरी समजाव.

आईला ते कसं दिसलं, मला आजही कळलेलं नाही. पण तिला दिसलं ते खरं होतं... आणि ते मी तिला सोडून तुम्हा सगळ्यांना सांगतोय.