बाबांचं नाव तीनदा आलं

भूतबित मी कधी मानलं नाही... आजही मानत नाही. कॉम्प्युटरवाला माणूस मी. काही बिघडलं की आपलाच कोड चुकलाय, हे आधी पटतं. तरी हे सांगतोय.

सत्त्याण्णव साल. भिलाईच्या सिविक सेंटरला, एका बँकेच्या वर आमचं छोटं ऑफिस होतं. दुर्गच्या एका नर्सिंग होमसाठी आम्ही डेटाबेस सर्व्हर बनवत होतो. तिथल्या नोंदणी, औषधं, लॅबच्या मागण्या चाचणी म्हणून टेलिफोन लाइनवरून आमच्याकडे यायच्या आणि थ्रेड, म्हणजे सर्व्हरमधले काम वाटून घेणारे गडी, त्या उचलायचे. गोची एकच. कधीमधी दोघं एकाच क्षणी एकच मागणी उचलायचे – वरण अळणी लागलं म्हणून आईनेही मीठ टाकावं आणि वहिनीनेही, तसं – आणि उत्तर भलत्याच स्क्रीनवर जायचं. त्या दुपारी नर्सिंग होमच्या डॉक्टरसाहेबांना डेमो दाखवायचा होता. फसला असता तर काम गेलं असतं, माझी नोकरीही.

सकाळी माझ्या स्क्रीनवर नोंदणीचं उत्तर आलं – नामदेव बोरकर. आमच्या बाबांचं नाव. असेल कुणी दुसरा, म्हणून वैतागून पुसलं. सर्व्हर पुन्हा चालू केला... पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मात्र नीट वाचलं. पत्ता आमच्याच घराचा. तक्रार – छातीत दुखणे.

डेमो सोडून स्कूटर काढली, थेट दुर्गचं नर्सिंग होम गाठलं.

बाबा खाटेवर बसून त्याच डॉक्टरसाहेबांशी हुज्जत घालत होते. डॉक्टर म्हणत होते, आत्ताच मोठ्या हॉस्पिटलात जा; बाबा म्हणे, संध्याकाळी जाऊ. मला पाहताच त्यांनी आईवर डोळे वटारले.

"तुले कोनं सांगितलं? तुह्या मायले म्या बजावलं होतं, पोराचा डेमो हाय, फोन करू नको मनून."

"मशीननं सांगितलं, बाबा. तीन डाव."

"मंग डेमो सोडून कावून आला?"

"तुमी उठा अगोदर."

उठले. जन्मात पहिल्यांदा माझं ऐकलं. संध्याकाळपर्यंत थांबले असते तर काय झालं असतं, याबद्दल मोठ्या हॉस्पिटलात जे सांगितलं ते इथे लिहवत नाही. डेमो डॉक्टरसाहेबांनीच पुढे ढकलला.

नंतर चूक सापडली. एका गड्यानं मागणी उचलली की दुसऱ्याला अडवणारं एक लॉक लावायचं राहिलं होतं. लावू नये असं क्षणभर वाटलं, खोटं कशाला बोलू... पण लावलं. पुन्हा एकही उत्तर चुकलं नाही. चुकलेलं उत्तर कुणाकडेही जाऊ शकतं, हे कळतं. पण तीनदा तेच, आणि तीनदा माझ्याकडेच? अजून उलगडलेलं नाही.

आयुष्यभर दुखणं लपवणारे आमचे बाबा त्यानंतर साधा खोकला आला तरी स्वतः ऑफिसात फोन करायचे.

"तुही मशीन आता सुधरली नं, मनून मीच सांगून राहिलो."