बाबांच्या लाल चेहऱ्याने उडालेली धांदल

माझ्या लग्नाची बोलणी बाबांच्या चेहऱ्यामुळे मोडता मोडता राहिली. आम्ही सापगावचे, मुलाकडचे मुरबाडजवळच्या एका खेड्यातले. आमचं दोघांचं आधीच ठरलं होतं, म्हणून त्या रविवारी आईबाबांबरोबर मीही जीपने तिकडे गेले.

पडवीत चटई टाकलेली होती. माझ्या होणाऱ्या सासऱ्यांनी कौतुकाने मोहाची दारू आणली आणि बाबांच्या हातात पेला दिला. बाबा एरवी सणासुदीलाच घ्यायचे. पेला अर्धा झाला, तोवर सासरे म्हणाले, "लग्न आमी मे महिन्यात धरलंय, आमच्याच अंगणात." बोलता बोलता त्यांनी बाबांकडे पाहिलं. बाबांचे कान, गाल, मान, सगळं शिजलेल्या चिंबोरी खेकड्यासारखं लाल झालं होतं. डोळेसुद्धा.

"व्याही, रागावू नका," सासरे घाईघाईने म्हणाले. "तुमी म्हणाल ती तारीख. तुमच्या दारात करू लग्न!"

"मी कुठं रागावलो?" बाबा म्हणाले, पण त्या चेहऱ्यावर कोण विश्वास ठेवणार? सासूबाई पाण्याचा तांब्या घेऊन धावल्या. शेवटी मीच सांगितलं, "ते रागावले नायत. दोन घोट घेतले की बाबा असेच लाल होतात." पडवीभर हशा पिकला. बाबाही हसले आणि ऐटीत म्हणाले, "रगात चांगलं असलं का असं होतं."

फक्त एक बाई हसल्या नाहीत. त्या माझ्या नवऱ्याच्या आत्या. सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून त्यांनी आयुष्य काढलेलं. त्यांनी सरळ बाबांचं मनगट धरलं.

"छाती धडधडते का दादा?"

"थोडी. नेहमीचंच हाय ते."

"नेहमीचं असलं म्हणून चांगलं नसतं. काहींच्या अंगात दारू नीट पचत नाय, म्हणून तोंड लाल होतं. अशा माणसानं पीत राहिलं तर प्रेशर वाढायची, हृदयाचं दुखणं व्हायची भीती जास्त."

त्यांनी प्रेशरचं मशीन आणून दंडाला पट्टा बांधला. आकडा बघून म्हणाल्या, "आता प्यायलात, म्हणून हा आकडा खरा धरत नाय. पण या आठवड्यात डॉक्टरांकडे जायचं."

बाबा ऐकतील असं मला वाटलं नव्हतं. पण मुलीच्या सासरच्या माणसाचा शब्द कसा मोडायचा? गेले शहापूरला डॉक्टरांकडे. प्रेशर खरंच वाढलेलं निघालं. गोळी सुरू झाली. हृदयाची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढली, ती चांगली आली. काळजीने आईचं जेवण सुटलं होतं, त्या दिवशी तिने पहिल्यांदा भरपेट जेवण केलं. बाबांनी दारू सोडली ती सोडलीच.

लग्न मे महिन्यातच झालं, पण आमच्या दारात. हळदीला बाबांच्या मित्राने पेला पुढे केला, तर बाबा आत्यांकडे बघत म्हणाले, "नको रे बाबा, विहीणबाई बघतायत!" आणि कोकम सरबत घेऊन नाचायला गेले. बँडवाले थकले, तरी ते थांबेनात. मग त्यांनी आईचा हात धरून तिलाही ओढलं. "सोडा हो, माणसं बघतात," म्हणत ती दोन पावलं मागे सरली, आणि मग पदर खोचून अशी काही नाचली की आत्यांनी शिट्टी वाजवली. आईला नाचताना मी त्याआधी कधीच पाहिलं नव्हतं.