सुदाम माईकवाल्याची दाढ

साखऱ्यात लग्न कोणाचंही असो, वऱ्हाड गावात शिरलं की पहिला आवाज ऐकू यायचा तो सुदामचा. शेत कोरडवाहू, सोयाबीन आणि तुरीपुरतं. पण लग्नसराईत माईक हातात आला की हा माणूस वेगळाच व्हायचा. पाहुण्यांचं स्वागत तोच करायचा, मंगलाष्टकं तोच म्हणायचा, हरवलेली चप्पल आणि हरवलेलं लेकरू दोन्ही तोच पुकारायचा. पाहुणा मंडपाच्या दाराशी दिसला की, "आपल्या पंचक्रोशीचं भूषण, माजी उपसरपंच..." अशी सुरुवात व्हायची आणि त्या माणसाला आपण भूषण आहोत हे तिथंच पहिल्यांदा कळायचं. मुहूर्त टळून जायचा. भटजी घड्याळ दाखवायचे. सुदाम त्यांचंही स्वागत करायचा.

तर अशा सुदामची दाढ गावातल्याच हरिचंदच्या पोरीच्या, शिवकन्येच्या, लग्नाच्या तोंडावर सुजली.

तशी ती बरेच दिवस कुरकुरत होती. गार पाणी लागलं की कळ जायची, गोड लागलं की ठणका. सुदामनं त्यावर लवंग धरून पाहिली, हिंग भरून पाहिला, तुरटीच्या पाण्याच्या गुळण्या करून पाहिल्या. शेजाऱ्यानं मोटारीच्या बॅटरीतलं पाणी सुचवलं, तेव्हा मात्र त्याची बायको जिवनबाई हातात उलथनं घेऊन बाहेर आली आणि शेजारी सल्ल्यासकट घरी गेला.

"आवं, हिंगोलीला जाऊन दाखवा ना," ती म्हणायची.

"जातो ना. लग्नसराई सरू दे."

खरं कारण वेगळं होतं. लहानपणी बाजारात चादर अंथरून दात काढणाऱ्याला त्यानं पाहिलं होतं. त्या माणसाच्या हातातली पकड आणि समोर बसलेल्या गिऱ्हाइकाचे तडफडणारे पाय, एवढंच त्याला आठवत होतं. पण तेवढं पुरेसं होतं. साप धरणारा सुदाम, विहिरीत उतरणारा सुदाम, दातांच्या डॉक्टरची पाटी दिसली की रस्त्याची बाजू बदलायचा.

हळदीच्या दिवशी सकाळी तो उठला तेव्हा उजवा गाल फुगून डोळ्याखालपर्यंत आला होता. तोंड बोटभरही उघडेना. अंगात कणकण. जिवनबाईनं चहा दिला तर निम्मा सदऱ्यावर सांडला.

"जिवने, उह्या हग्न हाय," तो म्हणाला.

"काय हाय?"

"हग्न! हग्न!"

जिवनबाईनं कपाळाला हात लावून पाहिला आणि सरळ कोमलला बोलावणं धाडलं. कोमल गावची आशाताई. बाळंतपणापासून बीपीपर्यंत सगळ्यांच्या घरात तिचं जाणं-येणं होतं. तिनं गाल पाहिला आणि म्हणाली, "काका, हे घरी बरं व्हायचं न्हाई. दातांच्या डॉक्टरलाच दाखवा. आत्ताच हिंगोलीला निघता का?"

सुदामनं मान इतक्या जोरात हलवली की गालातून कळ गेली आणि तो खाली बसला.

"मग ऑनलाइन दाखवू," कोमल म्हणाली. "मोबाईलवर डॉक्टर दिसते, बोलते, गोळ्या लिहून देते. निदान पुढं काय करायचं ते तरी कळल."

सुदामनं विचार केला. डॉक्टर मोबाईलमध्ये. आपण साखऱ्यात. पकड काचेतून बाहेर येत नाही. त्यानं होकार दिला. आयुष्यात इतक्या आनंदानं तो कुठल्याच दवाखान्यात गेला नव्हता.

अडचण रेंजची होती. सुदामच्या घरात फोन लागायचा, पण चित्र दिसायचं नाही. गावात चित्र हलण्याइतकी रेंज भरवशानं मिळायची ती हरिचंदच्या ओसरीच्या पायरीवर. आणि हरिचंदच्या दारात तर मांडव. बाया हळकुंडं कुटत होत्या, बाप्ये झालर बांधत होते, कडेला रुख्मिणीबाई, हरिचंदची म्हातारी आत्या, खाटेवर बसून सगळ्यांना चुका दाखवत होती. सुदाम गालाला उपरणं गुंडाळून आला तेव्हा आधी कोणी ओळखलंच नाही. तो आला आणि बोलला नाही, असं कधी झालंच नव्हतं.

कोमलनं सुदामच्याच फोनवर नाव घातलं, वय घातलं, नंबर लावला. थोडी वाट पाहिल्यावर काचेवर एक तरुण डॉक्टरीण आली. बोलण्यावरून कोल्हापूरकडची असावी.

"नमस्कार काका. काय त्रास होतोय?"

"हाढ," सुदाम म्हणाला.

"त्यांची दाढ दुखून राहिली मॅडम," जिवनबाईनं फोनमध्ये तोंड घालून सांगितलं. "गाल बघा कसा झाला."

"ताई, फोन थोडा लांब धरा. मला तुमचं कपाळ दिसतंय."

फोन लांब गेला. मग डॉक्टरिणीला छत दिसलं, झालर दिसली, सुदामचा कान दिसला. शेवटी कोमलनं फोन आपल्या हातात घेतला, मागचा कॅमेरा लावला, बॅटरीचा उजेड पाडला. डॉक्टरीण हळू आवाजात एकेक विचारत होती. गिळताना त्रास होतो का? श्वास घ्यायला जड जातं का? कुठल्या गोळीनं कधी अंगावर पुरळ आलं होतं का? सुदाम मान हलवत होता, जिवनबाई अर्थ सांगत होती. सगळं बराबर चाललं होतं.

तेवढ्यात कादर आला.

कादर म्हणजे साऊंडवाला. त्याचे बॉक्स आणि सुदामचा आवाज, ही जोडी बारा गावांना ठाऊक होती. सनई, मंगलाष्टकांमागचं संगीत, अक्षता पडतानाचे फटाके, हे सगळं सुदामच्या फोनमधून कादरच्या बॉक्सवर वाजायचं. दोघांची यंत्रं एकमेकांना इतकी सरावली होती की बॉक्स सुरू झाला की फोन आपोआप त्याला जाऊन चिकटायचा. ओसरीवर काय चाललंय हे कादरला माहीत नव्हतं. त्यानं मांडवाच्या कोपऱ्यात दोन मोठे बॉक्स उभे केले, वायर खोचली, बटण दाबलं.

"काका, तंबाखू खाता का?"

हा प्रश्न साऱ्या साखऱ्यानं ऐकला. झाडावरचे कावळे उडाले. हळकुंडं कुटणाऱ्या बायांचे हात थांबले. शिडीवरचा माणूस झालर धरून तसाच राहिला.

सुदामचे डोळे मोठे झाले. तंबाखू सोडल्याची शपथ त्यानं मागच्या श्रावणात औंढ्याला, नागनाथाच्या पायरीवर, जिवनबाईच्या समोर घेतली होती. आणि जिवनबाई हातभर अंतरावर होती.

"ह्हाई," तो म्हणाला. तेही साऱ्या मांडवानं ऐकलं.

"खोटं बोलून राहिला!" खाटेवरून रुख्मिणीबाई ओरडली. "काल सांजच्याला माझ्याच डबीतून चिमूट घेतली त्यानं! परवाबी घेतली!"

मांडव हसून हसून मोडायला आला. जिवनबाई हसली नाही. ती नवऱ्याकडं नुसती पाहत राहिली, आणि सुदामला क्षणभर दाढेचा विसर पडला.

"मागे कोण बोलतंय?" बॉक्स गरजला. "आजी, तुम्हीपण तंबाखू खाता का?"

रुख्मिणीबाईनं डबी पदराखाली घातली. "आता हिला काहून सांगायचं?" ती पुटपुटली, पण ते फोनपर्यंत गेलं नाही, हे तिचं नशीब.

कोमल फोनवर बोटं मारत होती, पण आवाज फोनकडं परत येईना. "कादरभाई, बंद करा ते!" ती ओरडली. कादरला वाटलं आवाज बंद पडलाय म्हणून ओरडते आहे. त्यानं आणखी वाढवला.

"काका, तोंड उघडा," बॉक्स म्हणाला. "आणखी उघडा. अजून थोडं मोठं उघडा."

"घ्या!" शिडीवरचा माणूस म्हणाला. "सुदामला तोंड उघड म्हणायची येळ आली."

सुदामच्या डोळ्यांत पाणी आलं. ते दुखण्याचं होतं की लाजेचं, हे त्यालाही सांगता आलं नसतं. हरिचंद धावत गेला, वायर उपसली, तेव्हा कुठं डॉक्टरीण पुन्हा काचेएवढी झाली. ती मात्र अजिबात हसली नाही. चमच्याच्या दांड्यानं गाल कसा बाजूला करायचा हे तिनं कोमलला सांगितलं, फोटो मागवले, आणि मग म्हणाली, "काका, दाढेच्या मुळाशी पू झालाय. जंतुसंसर्गाची गोळी लिहून देते, सांगितले तेवढे दिवस पूर्ण घ्यायची. दुखायची गोळी जेवणानंतर. कोमट मिठाच्या पाण्यानं हळू गुळण्या. वरून शेकायचं नाही. आणि नीट ऐका, सूज गळ्याकडं उतरली, गिळता येईना किंवा दम लागायला लागला, तर फोन करत बसू नका. गाडी करून सरळ मोठ्या दवाखान्यात जा."

"आन उद्याचं लग्न?" हरिचंदनं मधेच विचारलं.

"लग्नाला जाऊ देत की. बोलायचं मात्र नाही."

हरिचंद मटकन खाली बसला.

दुसऱ्या दिवशी माईक कादरच्या हातात होता. त्याला भाषण येत नव्हतं. पाहुणे आले की तो म्हणायचा, "आले? या. बसा." नवरदेव आला तेव्हा म्हणाला, "नवरदेव आलेले हाय, बाजूला सरका." माजी उपसरपंच दारात जरा रेंगाळले, भूषण ऐकायला मिळतं का म्हणून वाट पाहिली, आणि मग मुकाट्यानं पत्रावळीकडं गेले. मंगलाष्टकं भटजींनी एकट्यानं म्हटली. अक्षता पडल्या तेव्हा अर्धं वऱ्हाड अजून पोचलंच नव्हतं, कारण सुदाम असताना मुहूर्तावर लग्न लागल्याचं कोणाच्या पाहण्यात नव्हतं. उशिरा आलेल्यांनी हरिचंदशी भांडण काढलं.

सुदाम उपरण्यात गाल गुंडाळून मागच्या रांगेत बसला होता. गोळीनं ठणका कमी झाला होता, पण आत काहीतरी वेगळंच खुपत होतं. लग्न आपल्यावाचून लागलं, आणि झटक्यात लागलं. मग माजी उपसरपंच जेवून हात पुसत त्याच्याजवळ आले आणि म्हणाले, "सुदामभाऊ, मजा न्हाई आली बुवा." तेव्हा त्याला बरं वाटलं. त्या दिवशी भात थोडा जास्त गेला.

गोळ्या संपता संपता सूज उतरली आणि आवाज परत आला. पहिलं स्वागत त्यानं दूधवाल्याचं केलं. डॉक्टरिणीनं विचारपूस करायला पुन्हा फोन केला, तेव्हा तो पायरीवर ऐटीत बसून म्हणाला, "मॅडम, तुमच्या हाताला गुण हाय! दाढ एकदम खणखणीत!"

"काका, माझा हात तिथं पोचलेलाच नाही. गोळीनं सूज गेलीय, कीड आत तशीच आहे. दाढेचं काम केलं नाहीत तर ती पुन्हा सुजणार. हिंगोलीला जाऊन रूट कॅनाल करून घ्या. तसं लिहून पाठवते."

"जातो ना. जरा शेतातली कामं..."

जिवनबाईनं फोन हातातून काढून घेतला. "मॅडम, मी घेऊन जाते."

हिंगोलीच्या डॉक्टरच्या खुर्चीत सुदाम बसला तेव्हा त्यानं तिचे हात इतके घट्ट धरले होते की खुर्चीच दवाखान्याबाहेर निघेल असं वाटावं. डॉक्टर मध्यमवयीन, शांत माणूस. सुदामनं स्वागतापासून सुरुवात केली. डॉक्टरांचं शिक्षण, त्यांचा नावलौकिक, हिंगोली शहराचं भाग्य. डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि वाक्याच्या मधल्या एका श्वासात सुई टोचली. थोड्या वेळानं अर्धा चेहरा दगडासारखा झाला. मशीन गुंईऽऽ करत राहिलं आणि सुदाम डोळे मिटून वाट पाहत राहिला, आता दुखेल, मग दुखेल. दुखलं नाही. खाली उतरल्यावर तो जरासा खट्टूच झाला.

एसटी स्टँडवर गावाकडं जाणाऱ्या सेनगावच्या गाडीला वेळ होता. सुदामचा ओठ लोंबत होता, बोलायला गेलं की लाळ गळायची. म्हणून तो गप्प बसला. आणि तो गप्प बसला म्हणून जिवनबाई बोलायला लागली.

आधी माहेरचं काहीतरी बोलली. मग सोयाबीनचं. बोलत बोलत पिशवीतून चिवड्याची पुडी काढली, एक घास तोंडात टाकला, आणि तोंडातले दाणे बोटानं एका बाजूला सरकवले.

"मला या बाजूनं चाववत न्हाई," ती सहज म्हणाली. "मागच्या दिवाळीपासून. रातच्याला ठणकते बी. उशीत गाल दाबला की लागते झोप."

सुदामनं मान वळवून तिच्याकडं पाहिलं.

"सांगणार होते की," ती म्हणाली. "पण तुमचं बोलणं थांबल तवा ना."

हे ती भांडून म्हणाली नाही. चिवडा खात, येणाऱ्या गाड्यांच्या पाट्या वाचत म्हणाली. सुदामला उत्तर द्यायचं होतं. ओठ हलेना. सेनगावची गाडी लागली, लोक पळाले, जिवनबाई पिशवी घेऊन उठली. सुदामनं तिचं मनगट धरलं आणि तिला गाडीच्या उलट्या दिशेनं ओढत निघाला.

"आवं, गाडी तिकडं हाय! कुठं चाललात? काय इसरलं का तिथं?"

त्यानं जोरजोरात मान हलवून होकार भरला.

दवाखान्यात डॉक्टर हात धूत होते. "काय झालं? सुईचा असर उतरला का?"

सुदामनं बायकोकडं बोट दाखवलं, मग खुर्चीकडं दाखवलं.

"मला काई न्हाई झालं बरं का डॉक्टर," जिवनबाई दाराला धरून म्हणाली. "यांचं आपलं काईतरी..."

डॉक्टरांनी दोघांकडं पाहिलं आणि नवे हातमोजे चढवले. जिवनबाई खुर्चीत बसली, पदर सावरला, आणि नवऱ्याला म्हणाली, "तुमी भाईर जाऊ नका."

सुदाम दाराशेजारच्या स्टुलावर बसला. गालावरून लाळ ओघळत होती, ती उपरण्यानं पुसत त्यानं तिला हातानं खूण केली, उघड, तोंड उघड.