फुलस्टॉप, पुढचा परिच्छेद

"बंद करा तो," देवरे सर म्हणाले.

मी टेपरेकॉर्डरचं बटण दाबलं. स्टाफरूममध्ये आम्ही दोघंच होतो. टेपवर त्यांचाच सकाळचा तास होता. विषय तर्कशास्त्र, कॉलेजच्या भाषेत लॉजिक. ऐकू येत होतं ते असं: "विधान म्हणजे, स्वल्पविराम, जे सत्य किंवा असत्य असू शकते असे वाक्य, फुलस्टॉप. पुढचा परिच्छेद." आख्खा तास हेच.

"मॅडम, ह्यात मी शिकवतोय कुठे?"

हा प्रश्न पडावा म्हणूनच मला पगार मिळायचा. तरी त्यांचा चेहरा बघून मला वाईट वाटलं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. विद्यापीठाने मला नाशिकच्या कॉलेजांसाठी नेमलं होतं. प्राध्यापकांनी आपला कोर्स आपणच तपासावा, सुधारावा, त्यासाठी मदत करायची. याला कोर्स डिझाइन म्हणतात. शब्द भारी, अर्थ साधा. वर्षअखेर मुलांना काय करता यायला हवं ते आधी ठरवायचं आणि त्यावरून तास आखायचे. बहुतेकांच्या लेखी मी नसती डोकेदुखी होते. "आमचा पोर्शन पुरा होतो," म्हणायचे आणि चहा मागवायचे. देवरे सर मात्र स्वतःहून आले. सटाण्याकडचे, अबोल, कॉलेजात लॉजिकचे एकटेच शिक्षक.

"वर्षअखेर तुमच्या मुलांना काय यायला हवं?" मी विचारलं.

ते म्हणाले, "कोणी गंडवायला लागलं तर कळायला हवं."

मला हे उत्तर फार आवडलं. त्यावरच आम्ही कोर्स नव्याने आखला. डिक्टेशन बंद. व्याख्या घरी पुस्तकातून वाचायच्या, तासाला वाद घालायचा. जाहिराती, पुढाऱ्यांची भाषणं, घरातली भांडणं, काहीही चालेल.

एकदा मी मागच्या बाकावर बसले होते. गांगुर्डे नावाचा मुलगा उठला. अंबडला कारखान्यात टेम्पररी होता, सकाळी कॉलेज करून दुपारपाळीला जायचा.

"सर, आमचा सुपरवायझर म्हणतो, चांगलं काम करणारा परमनंट होतोच. तू झाला नाय, म्हंजे तुझं काम चांगलं नाय. लय डोकं लावलं, पण ह्यात चूक काय सापडत नाय."

सरांनी तिन्ही वाक्यं फळ्यावर लिहिली. "मांडणीत चूक नाहीच. पहिलंच वाक्य खोटं आहे."

गांगुर्डे खाली बसायचं विसरला. त्या दिवशी देवरे सर गेटपर्यंत मला सोडायला आले, आणि वाटभर तेच बोलत होते. त्यांना इतकं खुशीत मी नंतर कधी पाहिलं नाही.

मग परीक्षा आली. पेपर विद्यापीठाचा, म्हणजे माझ्याच ऑफिसवाल्यांचा. व्याख्या द्या, टिपा लिहा. दरवर्षीचाच. तिथे वाद घालणाऱ्याला मार्क कोण देणार? मुलं लॉजिक घ्यायची ती स्कोअरिंग विषय म्हणून. त्या वर्षी तो स्कोअरिंग राहिला नाही. पुढचे प्रवेश सुरू झाले तेव्हा कॉलेजभर एकच बोलणं, देवरे सर नोट्स देत नाहीत. निम्मी मुलं दुसऱ्या विषयाकडे गेली.

प्राचार्यांनी आम्हा दोघांना बोलावलं.

"बाई, वर्कलोड ठाऊक आहे ना तुम्हाला?"

ठाऊक होता. वर्कलोड म्हणजे शिक्षकाचे आठवड्याचे तास. मुलं नाहीत तर तास नाहीत, आणि तास नाहीत तो शिक्षक सरप्लस. मग त्याला कुठेही पाठवतात, नाहीतर घरी बसवतात.

"पण सर, मुलं शिकली," मी म्हणाले.

"शिकली असतील. पुढच्या वर्षी शिकायला येणार कोण? अजून एकदा असं झालं तर ह्यांचं पद जाईल. मी ते कसं वाचवू, सांगा."

प्राचार्य काही दुष्ट नव्हते. देवरे सरांच्या दोन्ही मुली शाळेत होत्या. ते खाली बघत म्हणाले, "नोट्स देतो सर."

पुढच्या वर्षी गेले तेव्हा वर्ग भरलेला होता. व्हरांड्यातून ऐकू येत होतं, "अनुमान म्हणजे, स्वल्पविराम..." मुलं माना खाली घालून लिहीत होती. घंटा झाल्यावर सर बाहेर आले.

"पद वाचलं ना?" मी विचारलं.

"वाचलं. पण मॅडम, आधी मला हे ऐकू यायचं नाही. आता रोज येतं."

मी तडक विद्यापीठातल्या ऑफिसात जाऊन आमच्या साहेबांना म्हटलं, पेपर बदलल्याशिवाय कोर्स बदलून उपयोग नाही. त्यांनी चष्मा काढला.

"हे बघा, कोर्स चांगला असला की मुलं येतातच. देवऱ्यांकडे आली नाहीत. म्हणजे तुमचा कोर्सच चांगला नव्हता."

त्यांच्या मांडणीत चूक नव्हती. पहिलंच वाक्य खोटं होतं. पण ते सांगून उपयोग नव्हता, कारण साहेब परमनंट होते.