काका, वाइन आणि आमचा एसी

अख्ख्या बहारीनमध्ये स्पॅनिश रेड वाइन खऱ्या अर्थानं कळलेला एकच माणूस होता, आणि तो माहूज भागात बरोबर आमच्या डोक्यावर, तिसऱ्या मजल्यावर राहत असे, हे मी कुठेही छातीठोकपणे सांगेन. आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो. मूळचे भंडाऱ्याचे, सीफ भागातल्या एका हॉटेलात एसी मेकॅनिक. हॉटेलातल्या वाइनच्या खोलीचा गारवा सांभाळणं हे त्यांचं काम. तिथला म्हातारा वेटर उघड्या बाटल्यांतला एकेक घोट त्यांना चाखायला देई, आणि वीस वर्षांच्या त्या घोटांनी त्यांची जीभ अशी तयार झाली होती की बाटलीवरची माहिती वाचून त्यांना हसू येई. बाटलीवर लिहिलेलं असे, चेरी आणि व्हॅनिला. काका डोळे मिटून म्हणत, "पयले जांभूळ. मंग नवी कातडी चप्पल. आन् पाठीमागून चुलीतला धूर येते, पाहा." मी आयुष्यात चप्पल चाखलेली नव्हती, तरी मान डोलवायचो. आणि खरं सांगतो, तिसऱ्या घोटाला चप्पल लागायचीच.

गारव्याच्या बाबतीत तर ते कोणाचीही गय करत नसत. एकदा मी कपाटातली बाटली काढून सरळ उघडायला लागलो, तर त्यांनी माझं मनगट धरलं. "काऊन भाऊ, उकळून पिता का? रूम टेंपरेचर म्हंजे स्पेनच्या रूमचं, माहूजच्या नाई." मग बाटली वीस मिनिटं फ्रिजमध्ये गेली, आणि ती वीस मिनिटं काका फ्रिजपाशी उभे राहिले, बाळंतिणीच्या खोलीबाहेर नवरा उभा राहतो तसे. वाइनबरोबर काय खायचं याचेही त्यांचे कायदे होते. दगडफूल घातलेली भरली वांगी चालतील, भाजलेल्या खोबऱ्याचं मटण तर पळेल. माझ्या बायकोनं एकदा बोंबील तळले, तेव्हा त्यांनी माझ्या ग्लासावर पंजाच ठेवला. मासळीबरोबर ही वाइन गंजका खिळा चोखल्यासारखी लागते म्हणे. पिठलं-भाकरीच्या वेळी मात्र बाटली टेबलावरसुद्धा नको. "भाकरीले तांब्यातलं पाणीच पाह्यजे. मान असते जेवणाले."

आता जे सांगायचं आहे ते सांगताना आजही मान खाली जाते. आमच्या बँकेत वरची जागा रिकामी झाली होती आणि ती मला हवी होती. मोठे साहेब वाइनचे शौकीन, म्हणून त्यांना सपत्नीक जेवायला बोलावलं. काकांनी दोन आठवडे माझी शिकवणी घेतली, बाटली निवडून दिली, आणि मटण स्वतः करतो म्हणाले. वाइन तिखटाशी भांडते म्हणून त्यांनी मिरची निम्मी केली. "गावाकडं सांगू नका जी, नाक कापलं जाईल माहं." मी त्यांना म्हणालो, काका, तुम्हीही जेवायलाच या. मीच म्हणालो होतो.

साहेब येऊन बसले, आणि मी जांभूळ, चप्पल, धूर असं सगळं माझंच असल्यासारखं ऐकवत होतो. साहेब खूश झाले. तेवढ्यात बेल वाजली. दारात काका, इस्त्रीचा शर्ट, हातात मटणाचा डबा. साहेबांनी विचारलं, "हे कोण?"

मी म्हणालो, "आमचा एसी बघतात."

खोटं काहीच नव्हतं. आमचा एसी तेच बघत. काकांनी डबा माझ्या बायकोच्या हातात दिला, बूट काढले, खुर्ची ओढून तिच्यावर चढले आणि एसीचं झाकण उघडलं. त्यांच्या पायात कोरे मोजे होते, एकाच्या तळव्याला दुकानाची चिकटपट्टी तशीच होती. "फिल्टर धुवून टाका. बाकी ओके. खलास," असं म्हणून त्यांनी खुर्ची रुमालानं पुसली, जागेवर ठेवली आणि गेले. मटण खाताना साहेबांनी विचारलं, "ही जोडी कोणी सुचवली?" मी म्हणालो, "मीच."

ती जागा मला मिळाली. जेवणाच्या दुसऱ्या दिवशी माफी मागायला वर गेलो, तर मला तोंड उघडू न देता काकांनी विचारलं, "फिल्टर धुतला का?" आणि चहा टाकला. पुढे चार महिन्यांनी ते नोकरी संपवून भंडाऱ्याला गेले. जाताना निरोप घ्यायला आले, हसले, पण आत येऊन बसले नाहीत.

आता घरी कोणी जेवायला आलं की मी त्याच वाइनची बाटली काढतो आणि ती उघडायच्या आधीच सांगून टाकतो, की ही वाइन आणि हे मटण आमच्या काकांनी शिकवलंय, वरच्या मजल्यावरच्या. पाहुणे म्हणतात, "अहो, मग त्यांनाही बोलवायचं ना!" मी फ्रिजपाशी जाऊन उभा राहतो. वीस मिनिटं व्हायची असतात.